गुणोत्तराची पाच गणितं

वसतिगृहाचा विषय निघाला की बाकीच्या बायकांना घंटा आठवते, प्रार्थना आठवते, मैत्रिणींच्या खोड्या आठवतात. मला आधी वास आठवतो. ओल्या फडक्याचा, फिनेलचा आणि करपलेल्या डाळीचा मिळून एकच वास होता तो, आणि तो आमच्या परकरांना, केसांना, वह्यांच्या पुठ्ठ्यांनासुद्धा लागलेला असायचा. जेवायला बसलं की मोठ्या पातेल्यातून वाढपी पळीनं वरचं पिवळं पाणी वाढत जायचा. डाळ तळाशी असायची आणि तळ कोणाच्या ताटात जायचा ते आम्हाला कधी कळलं नाही. भात वाढून झाला की आम्ही मुली ताट उजेडाकडे वळवून धरायचो. पांढऱ्या भातात पांढरी अळी दिसत नाही, तिचं काळं टोक दिसतं. ते शोधायचं, बोटानं उचलायचं आणि ताटाच्या कडेला ओळीत लावायचं. मी एकदा अकरा मोजल्या होत्या आणि न जेवता उठले होते. शेजारी बसलेली सवी मात्र काही वेचत नसे. ती डोळे मिटून घास गिळायची आणि म्हणायची, "शिजलेली अळी काय चावत नाय. उपाशी पोट चावतं." सवी माझ्याच पाड्यावरची, माझ्याच वर्गातली, माझ्याच पत्र्याच्या पेटीला पेटी लावून झोपणारी. हे प्रकरण तिचं आहे. इतकी वर्षं ते लिहायचं टाळलं, कारण लिहायला घेतलं की अजून माझ्या जिभेवर काहीतरी आंबूस येतं.

आमचा पाडा खोडाळ्याच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर. पंधरा-सोळा घरं. भात झोडून झालं, नागली घरात आली, की आय आणि बा कामाला खाली उतरायचे, कधी वसईकडे, कधी भिवंडीकडे, ते होळीलाच परत यायचे. म्हणून आम्हा पोरांना आश्रमशाळेत टाकलेलं. पण घरी असायचे ते थोडे महिने मला अजून पुरतात. पहाटे आय जात्यावर नागली घालायची, त्या घरघरीनं मला जाग यायची आणि तिचा आवाज थांबेपर्यंत मी अंथरुणात पडून राहायची. मग थापण्याचा आवाज, मग तव्यावर भाकरी टाकल्याचा. काळपट तांबडी गरम भाकरी, तिच्यावर वाटलेली खुरासणीची चटणी आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी असली तर भाजलेली सुकट. आमच्या ताटात फार काही नसायचं, पण जे असायचं ते स्वच्छ असायचं. आय तांदूळ तीनदा निवडायची. "खायच्या वस्तूत घाण दिसली का माणसाचं मन फिरतं, मंग ते जागेवर येत नाय," असं ती म्हणायची. वसतिगृहातल्या ताटापुढे बसलं की मला आयचा राग यायचा. तिनं मला चांगलं खायची सवय लावली होती, आणि ती सवय घेऊन मला तिथं पाठवलं होतं.

आठवीत असताना आमच्या शाळेतून आठ मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी निवडली. परीक्षा पास झाली की बारावीपर्यंत शिक्षणाला मदत मिळणार होती. सवीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एकच होता. तिच्या बानं सांगून ठेवलं होतं की नववीपासून तिला भट्टीवर न्यायची, विटा उचलायला हात कमी पडतात. शिष्यवृत्ती मिळाली तर मात्र शिकू दे, असं तो एकदा चारचौघांत बोलून गेला होता आणि सवी ते बोलणं धरून बसली होती. आम्हाला तयार करायचं काम गणिताच्या सरांकडे आलं. सर बाहेरच्या जिल्ह्यातले, उंच, इस्त्रीच्या कपड्यातले. खिशात नेहमी बडीशेपेची पुडी. त्यांना आमची किळस यायची आणि ती ते लपवायचे नाहीत. वही हातात घ्यायची झाली तर दोन बोटांनी कोपरा धरून घ्यायचे. कोणी चुकून "मपली वही" म्हणालं की सर्व वर्गासमोर ते ओरडायचे, "मपली नाही, माझी! मपली कोण बोलतं? जंगलातले लोक बोलतात!" आणि मग स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो. ते हसणं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा सरांनी आम्हाला एका चौकटीत बसवून दिला होता. बाहेरचे दोन गुणायचे, आतले दोन गुणायचे, समान लिहायचं. अंक समोर मांडून दिले तर जमायचं. पण परीक्षेत शाब्दिक उदाहरणं येतात; दूध आणि पाणी, मुलगे आणि मुली, बापाचं वय आणि लेकाचं वय. तिथं कोणता अंक बाहेर आणि कोणता आत, हे कोणालाच कळायचं नाही. विचारलं तर सर चिडायचे. मला फार पुढे कळलं की ते त्यांनाही नीट कळत नव्हतं. गाइडच्या मागची उत्तरं बघून ते फळ्यावर उलटे मागे यायचे आणि मधली एखादी पायरी गाळायचे. सवीनं एकदा उभं राहून विचारलं, "सर, ह्ये आठ कुठून आलं?" सर म्हणाले, "तुझ्या डोक्यातून तर नक्कीच नाही आलं. बस खाली, ढ."

मला गुणोत्तर दिवाळीच्या सुट्टीत कळलं. त्या सुट्टीत मी बा-आयबरोबर वसईकडे गेले होते. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचा संसार होता, तीन बाजूंनी पोती लावलेली, चुलीला फळकुटं जाळायची. दिवसभर मिक्सरची घरघर, सळ्या आपटल्याचा आवाज, वरून कोणीतरी "माल!" म्हणून ओरडलेलं. बा माल कालवायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण प्रमाण त्याच्या हातात होतं. गिलाव्याला एकास चार. एक घमेलं सिमेंट, चार रेती. मी त्याच्याजवळ उभी होते तेव्हा त्यानं सहज विचारलं, "पंधरा घमेली माल पायजे. सिमेट किती घालू?" मी पंधराला चारनं भागायला लागले. बा हसला. "अगं, एक न् चार किती झाली? पाच. पंधराचे पाच वाटे कर. एक वाटा सिमेटचा." तीन. मी तिथं वाळूच्या ढिगावर बसले आणि माझ्या डोक्यातला सगळा गुंता एकाएकी सुटला. आधी वाटे मिळवायचे, मग एका वाट्याची किंमत काढायची. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी सरांनी चार महिने आमच्या माना खाली घालायला लावल्या होत्या.

त्याच दुपारी मुकादम येऊन बाला म्हणाला की मागच्या भिंतीला एकास आठ कालव, कोण बघतंय. बानं ऐकलं, तसंच कालवलं. न ऐकून करणार काय? संध्याकाळी त्यानं मला मागच्या बाजूला नेलं, दोन दिवसांपूर्वीच्या भिंतीवर नखानं ओरखडा काढला आणि वाळू भसाभसा खाली आली. तो तिथंच थुंकला. "ह्यात मानसं राहायची हायेत," एवढंच म्हणाला. मग बराच वेळ तो हात धूत बसला होता.

शाळेत परत आल्यावर मी सवीला घेऊन बसले. दुपारच्या सुट्टीत वसतिगृहाच्या मागच्या ओट्यावर आम्ही चिंचोके घेऊन बसायचो. पाच दुधाचे, तीन पाण्याचे, असे आठ ढीग. एका ढिगात किती? सवी हळू होती, पण एकदा समजलं की सोडायची नाही. पहिल्यांदा स्वतःहून उत्तर आलं तेव्हा तिनं गाइड उघडून मागचं पान पाहिलं, मिटलं, परत उघडून पाहिलं. "जुळलं गं," ती म्हणाली. मग कोणालाच न सांगता तिनं तेच गणित दुसरे अंक घेऊन परत केलं. पण वर्गात सरांपुढे तिचा हात कधी वर गेला नाही. माझा जायचा. सर मला फळ्याजवळ बोलवायला लागले आणि बाकीच्यांना म्हणायला लागले, "रंजनाकडून शिका, हिला तरी थोडी अक्कल आहे." मला ते गोड वाटायचं. खोटं कशाला लिहू?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमच्या आठांत नववा आला. त्याचं नाव विकी. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो आमच्या शाळेत कधी एक दिवस बसला नव्हता, जव्हारला चांगल्या घरात राहायचा, पण पटावर त्याचं नाव होतं. हजेरीत आम्ही ते नाव रोज ऐकायचो आणि कोणीतरी मागून "हजर" म्हणायचं. आम्हाला वाटायचं, असा कोणी मुलगाच नसेल. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लोटून घेतलं आणि नेहमीपेक्षा फार मऊ आवाजात म्हणाले, "बस." सरांपुढे मी कधी खुर्चीवर बसले नव्हते.

"गुणोत्तराची पाच गणितं असतात पेपरात. तुला येतात."

"हो सर."

"ती आधी सोडव. उत्तरांचे आकडे एका चिठ्ठीवर लिही, गणिताचा नंबर आणि उत्तर, एवढंच. पाणी वाटणारा शिपाई येईल. त्याच्या ट्रेमध्ये ग्लासाखाली ठेवून दे."

 सरांनी बडीशेपेची पुडी काढली, तोंडात टाकली. "विकीला थोडी मदत. आपल्याच शाळेचं नाव आहे. आणि हे बघ, नववीला वसतिगृहात जागा कमी आहेत. यादी मीच करतो. तुझ्या आईबापाला परत तुला घेऊन फिरावं लागेल, ते मला आवडणार नाही."

मी "हो सर" म्हणाले. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. कोणाला सांगितलं नाही, सवीलाही नाही. मला किळस आली होती ती सरांची, पण त्यात माझ्या त्या "हो सर"चीही होती. तरी त्या दिवशी माझ्या मनात चिठ्ठीवर बरोबरच उत्तरं लिहायची होती, हे मी इथं नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पुढे सर आणि विकी, मागे आम्ही आठ जण एकमेकांच्या मांडीवर. विकीच्या अंगाला अत्तराचा वास होता आणि तो वडापाव खात होता. घाटातली वळणं सुरू झाली आणि तेलकट वास मागे यायला लागला. आम्ही सगळे रिकाम्या पोटी. सवीचा चेहरा पांढरा पडला. तिनं जीप थांबवा म्हणून दोनदा म्हटलं, पण सर विकीशी बोलत होते. तिसऱ्यांदा तिला म्हणताच आलं नाही. ती ओकली, आपल्या परकरावर, थोडं पुढच्या सीटच्या पाठीवर. विकी ओरडला, "ई! सर, ही घाण बघा! उतरवा हिला!" नाकाला रुमाल लावून तो खिडकीला चिकटला. जीप थांबली. सर उतरले, मागे आले. मला वाटलं पाणी देतील. त्यांनी सवीकडे बोट केलं आणि म्हणाले, "पूस. तुझ्या ओढणीनं पूस. सगळं." आणि सवीनं आपल्या एकुलत्या एका चांगल्या ओढणीनं ती सीट पुसली. विकीच्या बाजूनं जरा राहिलं होतं तर त्यानं बुटाच्या टोकानं दाखवलं, "इथं." तिनं तिथंही पुसलं. मी तिचं कोपर धरून नुसती बसले होते.  त्या वासात, त्या ऊन झालेल्या पत्र्याच्या जीपमध्ये मी ठरवलं की याला पाचही चुकीची द्यायची.

केंद्रावर आम्हाला एकाच खोलीत बसवलं होतं. विकी दाराजवळच्या रांगेत पहिला, सवी मधल्या रांगेत माझ्यापुढे तीन बाकं, मी मागे. पेपर हातात आला आणि मी पानं उलटून ती पाच गणितं शोधली. पाचही मला येत होती. चाळीस लिटर मिश्रण, दूध आणि पाणी पाचास तीन, दोन्ही सारखी करायला आणखी किती पाणी? आठ वाटे, वाटा पाचाचा, दूध पंचवीस, पाणी पंधरा, आणखी दहा हवं. मी माझ्या उत्तरपत्रिकेत दहाचा गोल काळा केला. मग चिठ्ठीवर पाच लिहिलं. पाच हे उत्तर पर्यायांत होतं. घाईत असलेला माणूस तेच निवडेल असं ते ठेवलेलं असतं. तशीच बाकीची चार. प्रत्येक गणिताचं सगळ्यांत खरं वाटेल असं खोटं उत्तर मी निवडून निवडून लिहिलं. इतकं मन लावून मी त्या पेपरातलं दुसरं काही केलं नाही. शिपाई आला, मी ग्लास उचलला, पाणी प्याले, चिठ्ठी ठेवून वर ग्लास ठेवला.

शिपाई विकीजवळ थांबला. विकीनं चिठ्ठी बाकाखाली धरली, उतरवून घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. मग विकीनं चिठ्ठी परत ग्लासाखाली ठेवली आणि शिपाई दाराबाहेर न जाता मधल्या रांगेकडे वळला. सर मला सगळं बोललेच नव्हते. विकीचं झालं की आमच्या बाकीच्या पोरांकडेही ती फिरवायची, शाळेचा निकाल दिसला पाहिजे, असं त्यांचं शिपायाशी ठरलेलं होतं. शिपायानं ट्रे सवीसमोर धरला.

पुढची काही मिनिटं मला आजही एकेक करून आठवतात. सवीनं चिठ्ठी उघडली. अक्षर ओळखलं. मान वळवून तिनं मागे माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवू शकले असते. नाही म्हणून नुसती मान हलवायची होती. पण पर्यवेक्षक बाई त्याच वेळी उठून आमच्या रांगेकडे येत होत्या आणि मी खाली बघितलं. मला वाटलं, बाई गेल्या की मी खोकेन, पेन पाडेन, काहीतरी करीन. बाई गेल्या. मी खोकले नाही. शिपायानं चिठ्ठी उचलली, पण बाई आता पुढच्या बाकांशी उभ्या होत्या म्हणून ती खिशात घातली आणि तो निघून गेला. ती सवीच्या पुढे कोणाकडेच गेली नाही. सवी बराच वेळ कागदावर वाकून होती. मग तिनं पेन उचललं. तिची पाठ मला दिसत होती, खांदा हलत होता, एक गोल, दुसरा गोल.

परत येताना सर मागे वळून म्हणाले, "रंजना, वाघीण आहेस!" आणि त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक केळं दिलं. सवी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तू लिवलंस तेच भरलं मी. बाकीचं काय व्हईल ते व्हईल, पाच तरी पक्की झाली." तिच्या तोंडाला अजून सकाळचा आंबूस वास होता. मी तिला त्या वेळी सांगायला हवं होतं. सांगून काही बदललं नसतं, पण सांगायला हवं होतं. मी केळं सोलून खाल्लं.

निकाल लागला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. यादीत आमच्या शाळेची दोनच नावं होती, माझं आणि विकीचं. त्याला माझ्या पाच गणितांची गरजच नव्हती. बाकीच्या सगळ्या भागांची उत्तरं त्याला दुसऱ्याच कोणाकडून पोचली होती. सवीचं नाव थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात, ते सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: चार गुण. एकेका गणिताला दोन गुण होते. पाच गणितं, दहा गुण. हे गणित मी तिथल्या तिथं केलं, आणि ते सोडवायला मला कागद लागला नाही. सरांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू सगळं बरोबरच लिहिलं होतंस ना?" मी म्हणाले, "हो सर." त्यांना कळलं असावं, पण विचारणार काय आणि कोणासमोर? मग सत्कार झाला. मी आणि विकी शेजारी उभे, हातात गुलाबाचं एकेक फूल. अध्यक्षांनी माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता. फोटो निघेपर्यंत मी तो तोंडात धरून ठेवला, मग मोरीकडे धावत गेले. माझ्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन सवी आली. माझी पाठ चोळत ती म्हणत होती, "आसं व्हतं कव्हा कव्हा. गोड पचत नाय आपल्याला."

नववीचे वर्ग सुरू झाले तेव्हा माझ्या पेटीशेजारी दुसरीच पेटी होती. सवी पावसाळाभर घरी राहिली, भात लावलं, आणि पुढच्या कामाला तिचा बा तिला भिवंडीकडच्या भट्टीवर घेऊन गेला. सुट्टीत मी घरी आले की ती गावात नसायची आणि ती गावात असायची तेव्हा मी बाहेर, असं झालं असं मी लोकांना सांगत आले. खरं म्हणजे मीच तसं जमवत होते. तिच्या लग्नाला मी आजारी असल्याचा निरोप पाठवला. मी शिकले, शिक्षिका झाले, तालुक्यातल्या तीन-चार शाळांत गणितच शिकवलं. गुणोत्तराचा धडा आला की मुलं म्हणायची, बाई हा धडा फार छान शिकवतात. मला त्या कौतुकाचा वीट यायचा. आणि एक सांगते: मी सरांविषयी कुठं तक्रार केली नाही, कधीच नाही. केली असती तर माझी चिठ्ठीही बाहेर आली असती. माणूस दुसऱ्याच्या घाणीवर पांघरूण घालतो ते बहुतेक वेळा आपली घाण झाकायला.

निवृत्त झाल्यावर मी खोडाळ्यात राहायला आले. बाजारच्या दिवशी रानातून खणलेले करांदे घेऊन बसलेल्या एका बाईनं माझा हात धरला. "रंजीच ना तू?" दात पडलेले, केस पांढरे, पण डोळे तेच, सवीचे. तिला जामसरला दिली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं आग्रहानं मला घरी बोलावलं आणि मी, का कोण जाणे, त्या वेळी बहाणा केला नाही. दुसऱ्या दिवशी जीपनं गेले. सारवलेलं अंगण, कुडाच्या भिंती, चुलीवर काहीतरी रटरटत होतं. नात दारात अभ्यास करत होती, तिला सवीनं पाणी आणायला पिटाळलं. आम्ही दोघीच राहिलो तेव्हा मी सांगितलं. सरांनी ऑफिसात बोलावलं तिथपासून सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हंजे ती उत्तरं मुद्दामची खोटी व्हती?"

"हो."

"पाची?"

"पाचही."

ती जमिनीवर बोटानं काहीतरी रेघोट्या काढत होती. "त्यात एक मजुरांचं व्हतं. बाया न् बाप्ये तीनास पाच, समदे मिळून चाळीस. मी केलतं. बाया पंधरा आलत्या. खाली कच्च्या कामाला जागा असती ना, तिथं लिवलं व्हतं. पाचातली चार केली व्हती मी, गोल तेवढे भरायचे राहिलते. मंग तुपली चिठ्ठी आली. तिच्यात पंचवीस. मी परत केलं, परत पंधराच. तिसऱ्यांदा केलं." ती थांबली. "मंग म्हटलं, रंजी चुकायची नाय. मपलंच चुकलं आसंल."

 मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"चारी बराबर व्हती?" तिनं विचारलं.

मी बाकीच्या तिन्ही गणितांची तिची उत्तरं विचारली. तिला एवढ्या वर्षांनीही आठवत होती. तिनं एकेक सांगितलं. "बरोबर," मी म्हणाले. "चारही बरोबर."

ती दाराबाहेर बघत राहिली. नात हंडा घेऊन येत होती. "चार पोरं वाढवली मी," सवी म्हणाली. "शाळेतून यायची, पाटी पुढं करायची, आय ह्ये बघ, आय ह्ये बराबर हाय का? मी कधी बघितलं नाय गं. म्हनायची, मपल्या डोक्यात शिरत नाय, बाला दाखवा."